जुन्या गाडीचं इंजिन बसलं, तर दाद मागायची कुठं? ऑनलाइन सौद्यात कायदा कुणाच्या बाजूनं?

सोयाबीन-कापसाचे पैसे हातात आले, उसाचं बिल जमा झालं की तालुक्याच्या गावांत जुन्या चारचाकीची चौकशी सुरू होते. कुणाला घरच्यासाठी कार, कुणाला दूध-भाजीपाल्यासाठी पिकअप. पूर्वी हा सौदा ओळखीच्या एजंटामार्फत व्हायचा. आता मोबाईलवर जाहिरात बघायची, व्हॉट्सॲपवर भाव ठरवायचा, विसार ऑनलाइन टाकायचा आणि शहरात जाऊन गाडी घेऊन यायची. एजंटाचं कमिशन वाचलं, याचं समाधान वेगळंच.

अडचण सुरू होते ती पंधरा दिवसांनी. गाडी धूर मारते, ऑइल पिते, चढाला दम धरत नाही. मेस्तरी सांगतो, इंजिन खोलावं लागेल. जुन्या गाडीत हा खर्च कधी कधी किमतीच्या निम्म्यावर जातो. विकणाऱ्याला फोन केला तर उत्तर ठरलेलं, ‘‘तुम्ही बघूनच नेली ना?’’

हे उत्तर ऐकून राग येतो, पण कायद्याच्या नजरेनं ते अगदीच बिनबुडाचं नाही. गोम तिथंच आहे.

ग्राहक आयोगाचं दार कधी बंद, कधी उघडं

फसवणूक झाली की पहिला सल्ला मिळतो, ‘ग्राहक मंचात जा.’ पण ग्राहक संरक्षण कायदा, 2019 हा व्यापारी आणि ग्राहक यांच्यातल्या व्यवहारासाठी आहे. एखाद्या शिक्षकानं किंवा नोकरदारानं स्वतःची वापरलेली गाडी विकली, तर तो व्यापारी ठरत नाही. 2020 च्या ई-कॉमर्स नियमांतही हेच आहे. धंदा म्हणून नव्हे, तर वैयक्तिक पातळीवर व्यवहार करणाऱ्या माणसाला ते नियम लागू नाहीत.

वस्तूविक्री कायदा, 1930 चं कलम 16 तर स्पष्टच आहे. माल चांगल्या दर्जाचा असेल, ही न बोलता मिळणारी हमी मुख्यतः त्या मालाचा धंदा करणाऱ्याकडूनच मिळते. खासगी माणसाकडून घेताना ‘घेणाऱ्यानं बघून घ्यावं’ हाच नियम.

पण इथं एक मेख आहे. ‘फर्स्ट ओनर, घरची गाडी’ अशी जाहिरात करणारा प्रत्येक जण खरंच मालक असतो का? आरसी दुसऱ्याच्या नावावर, कोऱ्या टीटी फॉर्मवर मूळ मालकाच्या सह्या आणि त्याच नंबरवरून आणखी चार गाड्यांच्या जाहिराती, असं दिसलं तर समोरचा डीलर आहे. त्या जाहिरातींचे स्क्रीनशॉट जपून ठेवले, तर ग्राहक आयोगाचं दार उघडू शकतं. तिथं दोन वर्षांच्या आत तक्रार करता येते आणि मुख्य म्हणजे आपण राहतो त्या जिल्ह्यात करता येते. 5 लाखांपर्यंतच्या व्यवहाराला फी नाही. पिकअप स्वतः चालवून पोट भरण्यासाठी घेतली असेल, तरी आपण ‘ग्राहक’च.

गप्प बसणं वेगळं, खोटं बोलणं वेगळं

विकणारा खरंच खासगी मालक असेल तर आधार उरतो तो करार कायदा, 1872 चा. दोष माहीत असून मुद्दाम लपवणं किंवा खोटं सांगून सौदा करणं ही कलम 17 नुसार फसवणूक आहे. असा करार रद्द करून पैसे किंवा नुकसानभरपाई मागता येते.

मात्र कलम 19 मध्ये एक अपवाद आहे. विकणारा नुसता गप्प राहिला आणि साधी खबरदारी घेतली असती तर दोष कळला असता, अशी स्थिती असेल तर करार रद्द होत नाही. म्हणजे ‘त्यानं सांगितलंच नाही’ ही तक्रार लंगडी पडते. ‘मी विचारलं आणि तो खोटं बोलला’ ही तक्रार उभी राहते. म्हणून प्रश्न विचारायचा तो लेखी. ‘इंजिनचं काम झालंय का? गाडी ऑइल खाते का? कधी गरम झाली होती का?’ व्हॉट्सॲपवरचे हे तीन प्रश्न आणि त्यांची उत्तरं पुढं फार कामाला येतात. ‘आहे त्या स्थितीत घेतली, नंतर तक्रार नाही’ असं स्टॅम्पवर लिहून घेतलं, म्हणून उघड खोटं बोलणारा आपोआप सुटत नाही.

पोलीस ‘दिवाणी बाब’ का म्हणतात?

जुनं ‘चारसोवीस’ आता भारतीय न्याय संहितेच्या कलम 318 मध्ये आहे. त्यासाठी सौदा करतानाच फसवायचा हेतू होता, हे दिसावं लागतं. नुसतं इंजिन बिघडलं एवढ्यावर तो दिसत नाही. मीटर मागं फिरवलेलं, आरसीवरचा इंजिन नंबर आणि गाडीवरचा नंबर वेगळा, कागद बनावट, असं काही असेल तर तक्रारीला वजन येतं. विसार घेऊन समोरचा गायबच झाला असेल, तर 1930 या सायबर हेल्पलाइनला लगेच फोन करावा.

इंजिन नंबरची गोष्ट हलक्यात घेऊ नका. इंजिन बदललं असेल तर त्याची नोंद आरटीओकडं हवी. नसेल तर नाव ट्रान्सफर आणि विम्याचा क्लेम, दोन्हीकडं अडकायला होतं.

इंजिन खोलण्याआधी थांबा

बहुतेक जण इथंच चुकतात. गाडी थेट गॅरेजला लावून इंजिन खोललं जातं, जुने पार्ट भंगारात जातात आणि पुरावा संपतो. आधी धुराचा, आवाजाचा व्हिडिओ घ्या. गॅरेजच्या लेटरहेडवर दोष काय आणि तो किती जुना वाटतो, हे लिहून घ्या. विकणाऱ्याला लेखी कळवा, इंजिन खोलताना हजर राहायला सांगा. काढलेले पार्ट जपा. चॅट असलेला मोबाईल बदलू नका, कारण कोर्टात इलेक्ट्रॉनिक पुराव्यासोबत प्रमाणपत्र द्यावं लागतं. दोष कळल्यावरही महिनोन् महिने गाडी वापरत राहिलात, तर सौदा मान्य होता असा अर्थ निघू शकतो.

दिवाणी दाव्याला साधारण तीन वर्षांची मुदत आहे, पण खर्च आणि तारखा बघता लहान रकमेसाठी तो परवडत नाही. त्याआधी तालुका विधी सेवा समितीकडं दावापूर्व अर्ज करून प्रकरण लोकअदालतीत नेता येतं. समोरच्याला तिथून नोटीस जाते. तो आलाच पाहिजे अशी सक्ती नाही, पण न्यायालयाच्या आवारातून आलेला कागद बघून तडजोडीला तयार होणारेही असतात.

सौद्याआधीचा अर्धा तास

गाडी बघायला जाताना मेस्तरी सोबत न्या. इंजिन थंड असतानाच चालू करून बघा. आधीच गरम करून ठेवलं असेल तर शंका घ्या. निळा धूर म्हणजे ऑइल जळतंय. ऑइलचं झाकण काढल्यावर खालून जोरात धूर मारत असेल, तर रिंग-पिस्टनचं काम आलंय. ऑइल दुधाळ दिसलं तर पाणी मिसळतंय, बहुधा हेड गॅस्केट गेलंय. इंजिन आणि चेसिस नंबर आरसीशी जुळवा, एमपरिवहन ॲपवर बोजा तपासा.

मेस्तरीची दिवसाची हजेरी आणि येण्याजाण्याचं भाडं वाचवायला जाऊन लाखाचा सौदा अंगावर घेण्यात शहाणपण नाही. खासगी सौद्यात कायदा मदतीला येतो, पण ज्यानं आधी विचारलं, तपासलं आणि लिहून ठेवलं, त्याच्याच.