दोन कार्डं आणि सरासरीची धूळफेक

‘एसएलआय’ चांगलं की ‘क्रॉसफायर’, या वादावर गेमिंगवाल्यांनी दशकभर एकमेकांची डोकी फोडली. एनव्हिडियाने २००४मध्ये एसएलआय आणलं, एटीआयने २००५मध्ये क्रॉसफायर. पुढच्याच वर्षी एएमडीने एटीआय विकत घेतली. माझ्या मते हा वादच फसवा होता. भांडण झालं ते दोन कार्डं जोडायची कशी यावरून. जोडून हाती काय लागतं, हा प्रश्न बाजूलाच राहिला.

जोडणीत फरक होता, हे मान्य. एनव्हिडियाला दोन्ही कार्डांत एकच चिप लागे आणि मदरबोर्डाला परवाना. क्रॉसफायर त्या मानाने उदार, एकाच कुळातली वेगळी कार्डंही चालवून घेई. पण सुरुवातीला त्यासाठी खास ‘मास्टर’ कार्ड घ्यावं लागे आणि मागून केबल जोडावी लागे.

मुख्य युक्ती मात्र दोघांचीही एकच: एक फ्रेम या कार्डाने काढायची, पुढची त्या. त्याने फ्रेमची संख्या वाढे, पण त्यांच्यातलं अंतर सारखं राहीलच असं नाही. समजा, एक फ्रेम ५ मिलिसेकंदांनी आली आणि पुढची २८ने. सरासरी भरते सेकंदाला ६०. डोळ्याला जाणवतो तो २८चा अडखळा. मेमरीचंही तसंच. ४ जीबीच्या दोन कार्डांचे ८ जीबी होत नाहीत, कारण दोन्हींत बहुतेक तोच माल भरलेला असतो. पैसे मात्र दुप्पट.

२०१३च्या चाचण्यांत क्रॉसफायर उघडं पडलं. काही फ्रेम पडद्यावर जेमतेम काही ओळींपुरत्या दिसत, मोजल्या जात पूर्ण. एएमडीला त्याच वर्षी ड्रायव्हर सुधारावा लागला. म्हणून एसएलआय जिंकलं म्हणावं, तर २०२१पासून एनव्हिडियानेही नवी एसएलआय प्रोफाइलं देणं थांबवलं.

दोष गेम बनवणाऱ्यांचा, असं कंपन्यांचे भक्त म्हणतात. डायरेक्टएक्स १२मुळे दोन कार्डांना कामाला लावणं गेमच्या हाती आलं होतं, आणि ‘अ‍ॅशेस ऑफ द सिंग्युलॅरिटी’ने तर दोन्ही कंपन्यांची कार्डं एकत्र राबवून दाखवली. पण कार्डं विकणार एकाने, आणि मूठभर गिऱ्हाइकांसाठी घाम गाळणार दुसऱ्याने, हा कुठला न्याय?

हे जुनं मढं उकरायचं कारण आजचं आहे. आता कार्ड एकच असतं, पण ‘फ्रेम जनरेशन’च्या नावाखाली मधल्या फ्रेम रचून घातल्या जातात. चित्र गुळगुळीत दिसतं, हे खरं. पण बटण दाबल्यावर मिळणारा प्रतिसाद त्या प्रमाणात चपळ होत नाही, आणि जाहिरातीतला आकडा ते सांगत नाही. म्हणून परीक्षणं लिहिणाऱ्यांकडे मागणं एवढंच: नुसती सरासरी छापू नका. सर्वांत संथ एक टक्का फ्रेम आणि प्रतिसादाला लागलेला वेळ शेजारी छापा. मग कुठली कंपनी चांगली, ते आमचं आम्ही ठरवू.