नळकांड्याची मर्दुमकी

दिवाळीच्या अंकात धुराचा विषय काढला म्हणून वाचकांनी रागावू नये. फटाक्यांच्या धुरावर दरसाल लिहून येते. माझे भांडण बाराही महिने वाजणाऱ्या फटाक्याशी आहे. बारामतीच्या भिगवण रस्त्यावर किंवा इंदापूरच्या एस. टी. स्थानकापाशी घटकाभर उभे राहा. मोटारसायकलचा मूळ सायलेन्सर काढून पोकळ नळकांडे बसवलेला एखादा वीर कानठळ्या बसवीत जाईलच. लोक त्याला आवाजाबद्दल शिव्या देतात. माझी तक्रार निराळी आहे.

सायलेन्सर हे नावच फसवे. आजच्या पुष्कळ गाड्यांत त्याच्या पोटात मधाच्या पोळ्यासारखी जाळी असते. तिच्यावर प्लॅटिनम, पॅलेडियम, ऱ्होडियम यांसारख्या मोलाच्या धातूंचा लेप असतो. विषारी कार्बन मोनॉक्साइड, न जळलेले इंधन आणि नायट्रोजनची ऑक्साइडे त्या तापल्या लेपावरून गेली, की बहुतांशी कार्बन डायऑक्साइड, पाण्याची वाफ आणि साधा नायट्रोजन होऊन बाहेर पडतात. नव्या डिझेल मालमोटारींत काजळी गाळणीत अडते, आणि ऑक्साइडांचा बंदोबस्त करते युरियाचे पाणी. होय, युरिया! तो काही केवळ उसालाच घालतात असे नव्हे.

हे सुखासुखी पदरात पडलेले नाही. शिशाने हा लेप निकामी होतो. २००० साली देशभर पेट्रोलमधून शिसे गेले. गंधकाने तो मंदावतो. १ एप्रिल २०२० पासून इंधनातले गंधक दशलक्षात १० भागांवर आणले. एवढा खटाटोप गॅरेजात दोन पान्यांनी उलटवायचा? ज्या बारामतीत पिआजिओच्या गाड्या घडतात, त्या गावाला तरी हे शोभत नाही.

“पण माझ्याकडे पीयूसी आहे!” हे ठरलेले उत्तर. त्या तपासणीत पेट्रोलची गाडी उभ्या जागी कार्बन मोनॉक्साइड आणि हायड्रोकार्बन यांपुरती मोजतात. नायट्रोजनच्या ऑक्साइडांना कोणी विचारीत नाही. कागद याच्या खिशात, धूर मागच्याच्या छातीत.

दिवाळी सरते न सरते तोच गळिताचा हंगाम येतो. भवानीनगरच्या कारखान्याच्या वाटेवर ऊसतोडीची बाई तान्ह्याला मांडीवर घेऊन गाडीत बसलेली असते. आपल्या चिरंजीवांची मर्दुमकी त्या तान्ह्याच्या नाकात जाते. म्हणून वडीलधाऱ्यांना माझे एवढेच सांगणे: पाडव्याला नव्या गाडीला हार घालण्यापूर्वी मूळ सायलेन्सरला हात लावणार नाही, असे चिरंजीवांकडून कबूल करून घ्या. मगच किल्ली हाती द्या.