पुड्यामागचे बारीक अक्षर

खत घेताना आपण पोत्यावरचे १०:२६:२६ हे आकडे पाहूनच पैसे देतो. मग बिस्किटाच्या पुड्याची मागची बाजू का पाहू नये? वजन उतरवायचे म्हणून कित्येकजण जेवणातली भाकरी अर्धी करतात आणि चहाबरोबर अर्धा पुडा सहज संपवतात. अशांना हे लेबल फार उपयोगी आहे.

त्यावर दोन गोष्टी पाहाव्यात. वजनाने सर्वांत जास्त असलेला घटक यादीत पहिला लिहावा, असा नियम आहे. मैद्यापाठोपाठ साखर आणि तेल आले, की काय ते ओळखावे. दुसरे, कॅलरीचे आकडे बहुधा १०० ग्रॅमचे असतात. तेथे ४५० लिहिले असून पुडा २०० ग्रॅमचा असेल, तर सबंध पुड्याच्या ९०० कॅलरी झाल्या. मोठ्या माणसाचा दिवसाचा हिशेब लेबलावर २००० कॅलरीचा धरतात. म्हणजे जवळजवळ निम्मा दिवस चहातच संपला!

पुढच्या बाजूला मोठ्या अक्षरात 'पौष्टिक' लिहिले म्हणून भुलू नये. मागचे अक्षर बारीक आणि बहुधा इंग्रजी असते; ते घरातल्या शाळकरी मुलाकडून वाचून घ्यावे. भाकरी सोडण्याआधी पुडा वाचावा, एवढेच सांगणे.