आडनाव काय म्हणालात?

पुण्यात फ्लॅट शोधताना तीन प्रश्न ठरलेले असतात. एकट्याच राहणार का? नॉनव्हेज खाता का? आणि आडनाव काय म्हणालात? पहिल्या दोघांची उत्तरं मी पाठ करून ठेवली होती. तिसरं मात्र अडचणीचं. आडनावाच्या शेवटी ‘कर’ असलं की समोरचा घुटमळतो. ‘म्हणजे तुमच्यात...’ असं म्हणून घरमालक काकूंनी वाक्य अर्धवट सोडलं आणि मी, लोकांना बोलतं करून पोट भरणारी मी, पटकन म्हणाले, ‘आम्ही भंडाऱ्याचे!’

फ्लॅट मिळाला. बाल्कनीसकट.

त्याच आठवड्यात अप्पा बळवंत चौकात जाऊन बाबूराव बागूल यांचं ‘जेव्हा मी जात चोरली होती’ विकत आणलं. योगायोग अजिबात नाही. भंडाऱ्याला बाबांच्या कपाटात ते पुस्तक कायम होतं. मीच कधी हात लावला नव्हता. म्हटलं, आता वाचायची लायकी आली.

हा कथासंग्रह १९६३चा. शीर्षककथेतला तरुण रेल्वेत नोकरीला लागतो, गुजरातेत उधन्याला जातो आणि खोली मिळावी म्हणून जात सांगत नाही. सेम टु सेम! खुद्द बागुलांनाही सुरतला रेल्वेत असताना खोलीसाठी जात लपवावी लागली होती. शेवटी ती नोकरी सोडून ते मुंबईला परतले. कथेतला नायक कवी आहे. त्याच्या कवितेवर खूश झालेला तिवारी त्याला घरी जेवायला नेतो आणि आपल्याला वाचतानाच घास लागतो, कारण हे फुटणार हे आपल्याला ठाऊक असतं. फुटतंच. मार पडतो. सोडवायला धावून येतो तो काशिनाथ, जो जात लपवत नाही, उलट खिशात चाकू बाळगून फिरतो. मला वाटलं होतं आपण नायकाच्या बाजूने असू. पण रात्रभर डोक्यात काशिनाथच होता.

बागूल कुणालाच सहानुभूतीचं गिऱ्हाईक करत नाहीत, हे मला सगळ्यात जास्त भावलं. त्यांच्या ‘सूड’मधली जानकी तर स्वतःचं बाईपणच नाकारते. इतका राग मराठीत पचायला जड गेला असणार, नाही?

याच सुमारास नेटफ्लिक्सवर ‘पासिंग’ पाहिला, २०२१चा. नेला लार्सनच्या १९२९च्या कादंबरीवरून केलेला. गोऱ्या रंगाची कृष्णवर्णीय क्लेअर ‘गोरी’ म्हणून संसार थाटते. नवऱ्याला पत्ताच नाही. दिग्दर्शिका रेबेका हॉलचे आजोबाही असेच गोरे म्हणून जगले होते. क्लेअरकडे सगळं आहे, बंगला, पैसा, झकास कपडे. पण ती पुन्हापुन्हा हार्लेमला जाते, आपल्या माणसांत हसायला. ते बघताना मला आठवलं, ऑफिसात बाबांचा फोन आला की ‘जय भीम’ म्हणताना माझा आवाज आपोआप खाली येतो. वर मी पॅसेजमध्ये जाते. नेटवर्कसाठी म्हणे!

आणि बोली? झाडीबोलीत ‘ण’ नाही, ‘ळ’ नाही. आमचं ‘पानी’ पुण्यात आल्यावर पंधरा दिवसांत ‘पाणी’ झालं. ते कुणी सांगितलंही नव्हतं.

भंडाऱ्याचं नाव घेतलं की पुण्यात काहींना तलाव आठवतात, तांदूळ आठवतो, थोड्यांना खैरलांजी. मोहाडी तालुक्यातलं गाव. २९ सप्टेंबर २००६ला तिथे भोतमांगे कुटुंबातल्या चौघांना मारलं. मी तेव्हा प्रायमरीत होते. घरात कुजबुज, टीव्हीचा आवाज कमी, एवढंच आठवतं. त्याच भंडाऱ्यातून १९५४च्या पोटनिवडणुकीत बाबासाहेब उभे राहिले आणि हरले. पणजोबांनी त्यांना मत दिलं होतं, हे आमच्या घरात मेडल मिळाल्यासारखं सांगितलं जातं. त्या घरातली मुलगी काकूंसमोर ‘भंडाऱ्याचे’ म्हणून मोकळी झाली. खोटं बोललीस का? नाही. मग खरं बोललीस का?

गेल्या महिन्यात आई आली. महाराष्ट्र एक्सप्रेसने, पंधरा किलो तांदूळ घेऊन. (पुण्यात तांदूळ मिळत नाही, असं तिचं ठाम मत आहे.) घर बघितलं, बाल्कनी बघितली, किचनला पास केलं. मग चारही भिंतींवरून नजर फिरवून म्हणाली, “फोटो कोठं आहे?”

फोटो सूटकेसमध्ये होता. हिवाळ्याच्या स्वेटरखाली. तिनेच दिला होता, मी पुण्याला निघताना.

“अगं, खिळा मारायचा नाही असं अ‍ॅग्रीमेंटमध्ये आहे,” मी म्हणाले. हे मात्र शंभर टक्के खरं होतं.

आईने माझ्याकडे पाहिलं. काही बोलली नाही. सूटकेस तिनेच उघडली, पदराने काच पुसली आणि म्हणाली, “मंग टेबलावर ठेव. त्याले कायचा खिळा लागते?”

टेबल दारासमोरच आहे. रविवारी काकू भाडं घ्यायला येतात. त्यांना आत बसवून चहा द्यायची पद्धत मीच पाडली आहे.