जुन्या लॅन्सरला टर्बोचा सोस

हिंदुस्थान मोटर्सने 1998 मध्ये मित्सुबिशी लॅन्सर भारतात आणली, तेव्हा ती चांगल्या घरातली शांत सेडान होती. दीड लिटरचे पेट्रोल इंजिन, नव्वदच्या आसपास हॉर्सपॉवर, जोर पुढच्या दोन चाकांवर. याच पिढीच्या लॅन्सरवर जपानमध्ये टर्बोवाल्या ‘लॅन्सर इव्होल्यूशन’च्या, म्हणजे इव्होच्या, चौथ्या, पाचव्या आणि सहाव्या आवृत्त्या बेतल्या गेल्या. टॉमी मॅकिनेनने 1996 ते 1999 अशी सलग चार वर्षे जागतिक रॅलीचे अजिंक्यपद मिळवले, तेही इव्होच्याच वेगवेगळ्या आवृत्त्या चालवून. त्यामुळे आपल्याकडच्या हौशी मंडळींत एक मत पक्के झाले आहे. बॉडी तीच, मग कमी आहे ती फक्त इंजिनाची. परदेशातून हाफकट, म्हणजे कापून आणलेला गाडीचा इंजिनासह पुढचा भाग, मागवावा, दोन लिटरचे टर्बो इंजिन उतरवून घ्यावे, माउंटिंग जुळवावीत, वायरिंग ओढावे, की झाली आपली इव्हो. हे मत दिसते तितके वेडगळ नाही. इंजिन खरोखर बसते, सुरू होते, आणि गाडी पळतेही.

पण ‘बॉडी तीच’ या युक्तिवादाविरुद्ध सर्वांत मोठा साक्षीदार मित्सुबिशीच आहे. चौथ्या इव्होचे इंजिन 280 हॉर्सपॉवर आणि 353 न्यूटन मीटर टॉर्क देते, म्हणजे आपल्या लॅन्सरच्या तिप्पट ताकद. ती कंपनीने दोन चाकांवर टाकली नाही, चारही चाकांत वाटली. बॉडीला जादा वेल्डिंगने मजबुती दिली. तेवढ्यानेही भागेना म्हणून पाचव्या आवृत्तीत गाडी रुंद केली आणि ब्रेम्बोचे ब्रेक दिले. ज्यांनी दोन्ही गाड्या बनवल्या त्यांनाच केवळ इंजिन बदलून चालले नाही. मग गल्लीतल्या गॅरेजमध्ये ते कसे चालावे? ताकद हा इंजिनाचा गुण असला, तरी ती पेलणे हा गाडीचा गुण आहे. ताशी 100 वरून 140 वर गेलेल्या गाडीतली गतिज ऊर्जा जवळपास दुप्पट होते, कारण ती वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. थांबताना ती सगळी ब्रेकमध्ये उष्णता होऊन उतरते. त्या काळच्या आपल्याकडच्या बहुतेक फॅमिली सेडानना मागे ड्रमच असत. बोरघाट उतरताना ब्रेक ऑइल उकळू लागले की पेडल स्पंजासारखे दबते आणि गाडी मात्र थांबत नाही. चढावर दुसऱ्या गिअरमध्ये बूस्ट आला की स्टिअरिंग हातातून हिसका मारून एका बाजूला ओढते. बॉनेटखालची कथा आणखी वेगळी. टर्बोचा पंखा मिनिटाला लाखाहून अधिक फेरे घेतो, त्याच्या बेअरिंगला सतत स्वच्छ तेल लागते आणि त्याचे एक्झॉस्टकडचे अंग लालबुंद होण्याइतके तापते. त्याच्या वीतभर अंतरावर पंचवीस वर्षांचे रबरी होज आणि कडक पडलेल्या वायरी असतात.

यावर उत्तर तयार असते: आज शोरूममधून दीडशे हॉर्सपॉवरच्या टर्बो सेडान घेऊन लोक बायकामुलांसह फिरतातच की. फिरतात, पण त्या गाड्यांचे ब्रेक, टायर, रेडिएटर, ईसीयू आणि घसरण आवरणारी यंत्रणा त्या इंजिनाला धरूनच ठरवलेली असते. हा दाखला खरे तर माझ्याच बाजूचा आहे. दुसरा बचाव असा की बूस्ट कमी ठेवू. ज्याने लाखो रुपये ताकदीसाठीच मोजले, तो ती बांधून ठेवील यावर कोणी विश्वास ठेवावा? बूस्ट वाढवायला फार काही उघडावे लागत नाही. मुळात एवढ्या ताकदीची गरजच काय? ताशी 100 ची मर्यादा असलेल्या मुंबई-पुणे द्रुतगती मार्गावर ती मर्यादा मूळची लॅन्सर आरामात गाठते.

कायद्याचे म्हणावे तर मोटार वाहन कायद्याच्या कलम 52 नुसार उत्पादकाने ठरवलेल्या मूळ तपशिलांशी आरसी बुकातली नोंद विसंगत होईल असा बदल मालकाला करता येत नाही. सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी 2019 मध्ये केरळातून आलेल्या प्रकरणात हेच ठामपणे सांगितले. त्याच वर्षीच्या दुरुस्तीने बेकायदा फेरबदलासाठी सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा प्रत्येक बदलामागे 5,000 रुपये दंड, किंवा दोन्ही, अशी तरतूद झाली. अपघात झाला तर विमा कंपनीच्या हाती आयतेच कोलीत मिळते.

एक आक्षेप मात्र वजनदार आहे. धडधाकट बॉडी भंगारात घालण्यापेक्षा तिला नवे इंजिन देणे शहाणपणाचे नाही का? आहे, आणि म्हणूनच सरसकट बंदी मलाही पटत नाही. सीएनजी किटसाठी आपण वाट काढलीच आहे: मान्यताप्राप्त किट, अधिकृत बसवणारा, आरटीओची तपासणी, आरसीवर नोंद. जर्मनीत मोठा फेरबदल तज्ज्ञ तपासतो, मगच तो गाडीच्या कागदावर चढतो. पुण्यात एआरएआयसारखी वाहने तपासणारी संस्था असताना, इंजिनाबरोबर ब्रेक, गिअरबॉक्स आणि धूर यांचीही परीक्षा घेऊन एकेका गाडीला पासिंग देण्याची पद्धत आपल्यालाही बसवता येईल. हौशी लोकांनी ती मागणी लावून धरावी. चोरून केलेल्या इंजिनबदलाचे कौतुक करून ती कधीच पुढे सरकणार नाही. तोवर टर्बो लॅन्सरची जागा कोइंबतूरच्या करी स्पीडवेवर किंवा चेन्नईजवळच्या इरुंगट्टुकोट्टैच्या ट्रॅकवर, तीही रोल केज आणि मोठे ब्रेक बसवून. रस्त्यावरच्या लॅन्सरसाठी तेच पैसे मूळ इंजिनाच्या ओव्हरहॉलवर घाला: रिंगा, व्हॉल्व्ह सील, टायमिंग बेल्ट, माउंटिंग. त्याच्याही आधी नवे टायर, ब्रेकचे होज आणि सस्पेन्शनचे बुश घ्या. एवढे करूनही गाडी संथ वाटली, तर ती विका आणि कारखान्यातूनच टर्बो घेऊन आलेली घ्या.