मेडिकलमधून आणलेली नशा

गडचिरोलीला १९९३ साली दारूबंदी मिळाली ती गावोगावच्या बायांनी भांडून. ग्रामसभांनी ठराव केले, मोर्चे निघाले, तेव्हा सरकार हललं. त्या बायांच्या सुना-नातींशी आज मला बोलायचं आहे.

दारू प्यायलेला माणूस ओळखू येतो. तोंडाला वास, पायात झोकांड्या. खोकल्याच्या औषधाची अख्खी बाटली रिचवून आलेलं पोरगं मात्र नुसतं पेंगतं. आपण म्हणतो, थकला असेल बिचारा. दप्तरात सापडलेली गोळ्यांची पट्टी तर औषधच वाटते, कारण ती मेडिकलमधली असते.

काही खोकल्याच्या औषधांत कोडीन असतं. ते अफूच्या जातीचं. शरीरात गेलं की त्यातल्या काही भागाचं मॉर्फिन होतं. दुखण्यावरची ट्रामाडॉल त्याच कुळातली. २०१८ पासून ती अमली पदार्थांच्या कायद्याखाली आहे. दोन्ही जास्त घेतली की श्वास मंदावतो. वर दारू पडली तर माणूस झोपेतच जातो. अल्प्राझोलमसारखी झोपेची गोळी दारूसोबत तशीच घातक. या गोळ्यांवर लाल चौकटीत इशारा छापलेला असतो आणि चिठ्ठीशिवाय त्या विकता येत नाहीत. औषध दुकानदारांनो, या गोळ्यांच्या विक्रीची नोंदवही खरी भरा. समोर उभं असलेलं पोरगं तुमच्याच गावचं आहे.

खर्ऱ्याबद्दलही बोलतेच, कारण सवयीची पहिली पायरी आपण घरातच बांधतो. पाहुण्याला पाण्याबरोबर खर्रा, रोवण्याला जाताना कमरेला पुडी, आणि ती आणायला दुकानात धाडतो कोणाला? आठ वर्षांच्या लेकराला. खर्ऱ्यातली सुपारी आणि तंबाखू दोन्ही कर्करोग करतात. सुपारीनं तोंड आखडत जातं, घास शिरेनासा होतो. पुडी लेकराच्या हातून मागवणं आजच बंद करा.

आता सगळ्यात महत्त्वाचं. पोरगं सापडलं म्हणून त्याला खोलीत कोंडून गोळ्या एकदम तोडू नका. झोपेच्या गोळ्या रोज घेणाऱ्याच्या एकाएकी बंद झाल्या तर झटके येतात, त्यात जीवही जातो. त्या डॉक्टरच्या देखरेखीखाली हळूहळू कमी कराव्या लागतात. मारू नका, चारचौघांत लाज काढू नका. लाज काढली की पोरगं जास्त लपवतं, मग पत्ता लागतो तो उशिरा.

माणूस हाकेला ओ देत नसेल, ओठ निळे पडले असतील, श्वास घरघरत असेल, तर ताक-लिंबू पाजत बसू नका. ते श्वासनळीत जाईल. कुशीवर वळवा, १०८ ला फोन करा, गाडी येईपर्यंत जवळून उठू नका. काय घेतलं होतं ती पट्टी किंवा बाटली सोबत न्या.

पोलिसांच्या धाकानं कितीतरी घरं दवाखान्यापर्यंत येतच नाहीत. डॉक्टर उपचार करायला बसलेला असतो, पकडून द्यायला नव्हे. थोडा माल जवळ सापडून खटला झालेला व्यसनीसुद्धा आपणहून सरकारमान्य ठिकाणी उपचार घ्यायला तयार झाला, तर कायदा त्याला खटल्यातून सूट देतो.

तुमच्या तालुक्यात मुक्तिपथ या गडचिरोलीतल्या व्यसनमुक्ती अभियानाचं व्यसनउपचार क्लिनिक आहे, तिथे जा. जिल्हा रुग्णालयात जा. जाणं जमत नसेल तर १४४४६ या सरकारी व्यसनमुक्ती मदत क्रमांकावर बोला, पैसे लागत नाहीत. हा नंबर आज संध्याकाळी चुलीजवळच्या भिंतीवर कोळशानं लिहून ठेवा.