गळू एकाचे, काळजी सगळ्यांची

एखाद्या कॅडेटला गळू झाले की मुले त्याला ‘घाणेरडा’ म्हणतात आणि क्रॉस-कंट्री चुकू नये म्हणून तोही ते लपवतो. माझ्या मते दोन्ही चूक.

वारंवार होणारी गळवे बहुधा स्टॅफिलोकोकस ऑरियस या जिवाणूमुळे होतात. १८८० च्या सुमारास सर्जन अलेक्झांडर ऑग्स्टन यांनी तो पुवात पाहिला. द्राक्षांच्या घडासारखा दिसतो म्हणून त्याला हे नाव मिळाले. साधारण १० पैकी ३ धडधाकट माणसांच्या नाकात तो असतोच. मग ज्याला गळू झाले त्यानेच रोग आणला, असे कसे म्हणायचे?

टॉवेल, रेझर, चादर यांतून तो घरभर फिरतो आणि बऱ्या झालेल्या मुलाकडे परत येतो. म्हणून घरातल्या सगळ्यांनी एकदमच काळजी घेतली, तर गळवे कमी वेळा उलटतात. आपली डॉर्मिटरी हेही एक मोठे घरच आहे.

तेव्हा टॉवेल-रेझर ज्याचा त्याने वापरावा. खेळानंतर साबण लावून अंघोळ करावी. गळू पिळू नये, झाकावे आणि त्याच दिवशी एमआय रूम गाठावी. सरांना विनंती, गळवासाठीचा सिक रिपोर्ट कामचुकारपणा समजू नये. पालकांनीही सुट्टीत आमचे टॉवेल वेगळे ठेवावेत. घरी धाकटी भावंडे आहेत. त्यांच्यासाठी आम्ही खाऊ आणावा, गळवे नकोत.